एकदा सिझर म्हणजे कायम सिझर? रुग्णालयाच्या ‘नाही’चा अर्थ

विषयाची घोषणा झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘हा विषय फक्त बायकांसाठी आहे का?’ अजिबात नाही. बाळंतपण बाईचं असतं, पण दवाखाना कुठला हे बरेचदा घर ठरवतं, संमतीपत्रावर नवऱ्याचीही सही घेतली जाते आणि ‘काय ते लवकर उरका डॉक्टर’ हे बाहेर बसलेले नातेवाईक म्हणतात. तेव्हा पुरुष मंडळींनीही उठू नये.

एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. आमच्या व्यवसायात हे इतक्यांदा समोर येतं की कुणा एकीची गोष्ट म्हणून सांगायची गरज नाही. एक बाई तिसऱ्यांदा गरोदर आहे. पहिलं सिझर झालं, कारण बाळ पायाळू होतं. दुसरं सिझर का झालं? तर पहिलं सिझर झालं होतं म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं. आता ती विचारते, ‘या वेळी कळा येऊ दिल्या तर चालेल का?’ आणि उत्तर येतं, ‘दोन सिझरनंतर आमच्याकडे तसं करत नाहीत.’

विषय संपला. फाइल बंद. तारीख ठरली.

आज आपण या एका वाक्याची चिरफाड करणार आहोत. कारण ‘आमच्याकडे करत नाहीत’ आणि ‘तुम्हाला करता येणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पेशंटला मात्र दोन्ही सारखीच ऐकू येतात.

वाक्य आलं कुठून?

‘एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन’ हे वचन न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांचं. साल १९१६. आता गंमत बघा. क्रेगिन हे सांगत होते ते सिझर वाढवा म्हणून नव्हे. त्यांचा इशारा उलटा होता: पहिलं सिझर करताना दहादा विचार करा, कारण त्याची किंमत पुढच्या बाळंतपणात मोजावी लागते. शिवाय या नियमाला अपवाद असतात हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवलं होतं. पण वचन तेवढं टिकलं, अपवाद गळून पडले.

त्या काळात गर्भपिशवीवर उभा छेद घेत. पिशवीचा वरचा भाग जाड आणि स्नायूंचा असतो, कळा आल्या की तोच सगळ्यात जोरात आवळतो. तिथला व्रण पुढच्या वेळी उसवण्याची भीती खरी होती आणि आजही खरी आहे. नंतर १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा भाग कळांमध्ये फारसा आवळत नाही, नुसता ताणला जातो. म्हणून इथला व्रण बराच भरवशाचा. आज बहुतेक सिझर याच पद्धतीनं होतात. म्हणजे छेद बदलला, नियम मात्र जुन्या छेदाचाच राहिला.

धोका नेमका किती?

आम्ही कुणालाही ‘काही होत नाही हो’ असं सांगणार नाही. होतं. धोक्याचं नाव आहे गर्भपिशवी फाटणं. जुना व्रण कळांच्या ताणानं उसवतो, आत रक्तस्राव होतो, बाळाचा प्राणवायू तुटतो. मग हाताशी काही मिनिटंच असतात.

पण किती जणींना होतं? खालचा आडवा छेद असलेलं एक सिझर झालेलं असेल आणि कळा येऊ दिल्या, तर दर हजारात साधारण पाच ते नऊ जणींना. त्यातही कळा कशा सुरू झाल्या यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या वीस हजारांवर स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कळा न येताच सिझर झालेल्यांत पिशवी फाटण्याचं प्रमाण हजारी १.६ होतं. आपोआप कळा आलेल्यांत ५.२. आणि प्रोस्टाग्लँडिन प्रकारची औषधं देऊन कळा आणल्या, त्यांच्यात २४.५! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

यश किती मिळतं? ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार एका सिझरनंतर प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी ७२ ते ७५ जणींची प्रसूती नैसर्गिक होते. आधी एकदा तरी नॉर्मल प्रसूती झालेली असेल तर ८५ ते ९०.

उरलेल्यांचं काय? त्यांचं कळांमध्येच सिझर होतं. हे ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं असतं, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांचा धोका जास्त. हेही सांगितलं पाहिजे. प्रयत्न फुकट नसतो.

आता तराजूची दोन्ही पारडी पाहू. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं तज्ज्ञांची परिषद बोलावून तोवरचा पुरावा तपासला. आईच्या मृत्यूचं प्रमाण: कळा येऊ दिलेल्या गटात लाखात सुमारे ४, पुन्हा ठरवून सिझर केलेल्या गटात लाखात सुमारे १३. बाळाच्या मृत्यूचं प्रमाण: कळांच्या गटात हजारात सुमारे १.३, ठरवलेल्या सिझरमध्ये ०.५. म्हणजे एक पारडं आईकडे थोडं झुकतं, दुसरं बाळाकडे थोडं. दोन्ही धोके लहान, पण शून्य एकही नाही. म्हणून ‘सिझर सुरक्षित, नॉर्मल धोक्याचं’ हे विधान अर्धवट आहे. आणि ‘नैसर्गिक ते सगळं चांगलं’ हेही तितकंच अर्धवट आहे.

दोन सिझर झाली असतील तर?

इथे तर बहुतेक दारं बंद होतात. पुरावा काय म्हणतो? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००६ साली, एकाहून जास्त सिझर झालेल्यांत पिशवी फाटण्याचं प्रमाण हजारी ९ आणि एकच सिझर झालेल्यांत हजारी ७ आढळलं. म्हणण्यासारखा फरक नाही. त्याआधीच्या, २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र ते शेकडा १.८ होतं, म्हणजे एका सिझरनंतरच्या दुप्पट. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली झालेल्या विश्लेषणात ते शेकडा १.३६ आलं आणि यशाचं प्रमाण ७१ टक्के.

तेव्हा खरं उत्तर असं: धोका थोडा वाढतो, पण दार आपोआप बंद होत नाही. २०१० पासून अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स ही तिथल्या प्रसूतितज्ज्ञांची संस्थाही हेच म्हणते. खालचे आडवे दोन छेद असतील, तर नीट समुपदेशन करून प्रयत्नाचा विचार करता येतो.

आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या सिझरची किंमतही ठेवायला हवी. वार जर जुन्या व्रणावर, पिशवीच्या तोंडाशी रुजली, तर ती स्नायूत खोल रुतू शकते. मग ती सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तीस हजार सिझरांच्या अभ्यासातले आकडे ऐका. वार तोंडाशी असलेल्या बायकांपैकी पहिल्या सिझरच्या वेळी शेकडा ३ जणींची वार रुतलेली सापडली. दुसऱ्या वेळी ११. तिसऱ्या वेळी ४०. चौथ्या वेळी ६१.

म्हणून आम्ही म्हणतो, नकार दिल्यानं धोका नाहीसा होत नाही. तो पुढच्या बाळंतपणाच्या खात्यावर जमा होतो. जिला आणखी मूल नको, तिच्यासाठी हे खातं फारसं महत्त्वाचं नाही. जिला हवंय, तिच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पण हा प्रश्न विचारतं कोण?

अमेरिकेत बंदी कशी आली

रुग्णालयांचा नकार कसा जन्मतो हे समजायला अमेरिकेची गोष्ट उपयोगी आहे. तिथे १९७० साली शंभरात साडेपाच सिझर होत, १९८० साली साडेसोळा. घाबरून त्याच वर्षी एक राष्ट्रीय परिषद झाली आणि ‘कायम सिझर’चा नियम सोडा असं तिनं सुचवलं. हळूहळू चक्र उलटं फिरलं. १९९६ साली आधी सिझर झालेल्या शंभरांपैकी २८ जणींची प्रसूती नैसर्गिक होऊ लागली.

पण उत्साहाच्या भरात काही ठिकाणी विमा कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी बायकांना ढकललं. इच्छा नसताना, योग्य नसताना. कळा आणायला नको ती औषधं वापरली गेली. पिशव्या फाटल्या, खटले झाले. १९९९ साली अमेरिकन कॉलेजनं आपल्या मार्गदर्शिकेतला एक शब्द बदलला. आधी तातडीचं सिझर करणारी टीम ‘सहज उपलब्ध’ असावी असं होतं, आता ती ‘तत्काळ उपलब्ध’ असावी असं झालं. एका शब्दाचा फरक! पण छोट्या रुग्णालयांनी त्याचा अर्थ असा लावला की भूलतज्ज्ञ आणि सर्जन चोवीस तास इमारतीत बसलेच पाहिजेत. ते परवडेना. विमा कंपन्याही अडून बसल्या. एकामागून एक रुग्णालयांनी बंदी घातली आणि २८ चा आकडा दहा वर्षांत दहाच्याही खाली आला.

बायकांनी काय केलं? काही जणी घरापासून शेकडो मैल लांबच्या शहरात शेवटचे आठवडे खोली घेऊन राहिल्या. काही जणींनी कळा सुरू झाल्या तरी जाणूनबुजून उशिरा रुग्णालय गाठलं. काही जणींनी घरीच प्रयत्न केला. म्हणजे सुरक्षिततेसाठी घातलेल्या बंदीनं त्यांना सगळ्यात असुरक्षित जागी नेऊन ठेवलं.

१९९६ साली फ्लोरिडात तर कळस झाला. एका स्त्रीला आधीच्या सिझरमध्ये नेहमीपेक्षा मोठा उभा छेद होता. तिला कुणी घेईना, म्हणून ती घरी कळा देत होती. कोर्टाचा आदेश काढून तिला रुग्णालयात आणलं आणि तिच्या इच्छेविरुद्ध सिझर केलं. डॉक्टरांची काळजी वैद्यकीय दृष्ट्या अगदी निराधार होती असं नाही. उभा छेद धोक्याचाच. पण सल्ला बरोबर असणं आणि सक्ती बरोबर असणं, या दोन गोष्टी एक नव्हेत.

२०१० साली पुन्हा परिषद झाली. ‘तत्काळ उपलब्ध’ या अटीमागे भक्कम अभ्यास नाही, ते तज्ज्ञांचं मत आहे, हे तिथे उघडपणे बोललं गेलं. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेजनंही लिहिलं की अशी बंधनं वापरून स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध सिझर करायला लावू नये.

‘नाही’ तीन प्रकारचं असतं

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, देशात २१.५ टक्के प्रसूती सिझरनं झाल्या. सरकारी रुग्णालयांत १४ टक्के, खासगीत ४७ टक्के. आज पहिलं सिझर होणारी प्रत्येक बाई उद्या दुसऱ्या खेपेला हाच प्रश्न घेऊन येणार आहे. तिला ‘नाही’ ऐकू आलं की तिनं ते ओळखायला शिकलं पाहिजे.

पहिलं ‘नाही’ अंगाचं. छेद उभा आहे, आधी पिशवी फाटलेली आहे, वार तोंडाशी आहे, बाळ आडवं आहे, फायब्रॉइडच्या ऑपरेशनमध्ये पिशवी आतपर्यंत उघडलेली आहे. हे ‘नाही’ ऐकायचं. त्याच्याशी भांडायचं नाही.

दुसरं ‘नाही’ जागेचं. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं प्रसूतिगृह, डॉक्टर एकच, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर दुसऱ्या गावाहून येणार, रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथले डॉक्टर ‘माझ्याकडे नको’ म्हणतात तेव्हा ते प्रामाणिकपणे बोलत असतात. त्यांचा राग धरू नका. पण त्यांनी पुढचं वाक्यही बोललं पाहिजे: ‘माझ्याकडे नको, पण अमुक मोठ्या रुग्णालयात होऊ शकेल, चिठ्ठी देतो.’

तिसरं ‘नाही’ सवयीचं. सगळी सोय आहे, पण दहा-बारा तास थांबायला वेळ नाही, खटल्याची भीती आहे, काही बिनसलं तर नातेवाईक तोडफोड करतील अशी धास्ती आहे. आम्हा डॉक्टरांची ही भीती खोटी नाही. पण भीती आमची आणि टाके तिच्या पोटावर, हा हिशेब बरोबर नाही. असं असेल तर निदान ‘आम्ही करत नाही’ म्हणावं, ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणू नये.

आकड्यांच्या आडूनही हे तिसरं ‘नाही’ येतं. अमेरिकेत यशाची शक्यता सांगणारं एक गणित २००७ पासून वापरात होतं. त्यात स्त्री कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असेल तर तेवढ्यानंच तिचे गुण कमी होत आणि काही ठिकाणी कमी गुण म्हणजे नकार. २०२१ साली वंशाचा तो निकष काढून नवं गणित आलं. एकाच बाईला आदल्या दिवशी एक आकडा, दुसऱ्या दिवशी वेगळा. शरीर तेच!

मग करायचं काय?

एक, जुना कागद शोधा. पोटावरची खूण आडवी आहे म्हणजे पिशवीवरचाही छेद आडवाच, असं नसतं. ते ऑपरेशनच्या नोंदीतच कळतं. डिस्चार्ज कार्ड बाळाच्या जावळाइतकंच जपून ठेवा.

दोन, लवकर विचारा. नवव्या महिन्यात डॉक्टर बदलणं सगळ्यांनाच अवघड. चौथ्या-पाचव्या महिन्यात विषय काढला तर दुसरं रुग्णालय शोधायला वेळ मिळतो.

तीन, नेमके प्रश्न विचारा. ‘तुम्ही नॉर्मल करता का?’ याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठून येतं? कळांमध्ये बाळाचे ठोके सतत पाहता का? दिवस भरल्यावर किती थांबता? कळा आणायला काय वापरता? मघाचा २४.५ चा आकडा आठवा.

चार, दोन बाळंतपणांतलं अंतर मोजा. दीड वर्षापेक्षा कमी असेल तर पिशवी फाटण्याचा धोका वाढतो.

पाच, कधी थांबायचं हे आधी ठरवा. बाळाचे ठोके घसरले, कळांच्या मधेही व्रणाच्या जागी दुखत राहिलं, रक्त जाऊ लागलं किंवा प्रगती थांबली, तर सिझर. ती हार नव्हे, योजनेचाच भाग आहे.

आणि सहा, सही करण्याआधी वाचा. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं की सज्ञान पेशंटची संमती तिचीच हवी. त्या प्रकरणात बाई भुलीखाली असताना आईची परवानगी घेऊन गर्भपिशवी काढली होती. ते न्यायालयानं मान्य केलं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*‘कुणीच घेत नसेल तर सुईणीला बोलावून घरी केलं तर?’*

नाही. इथे आम्ही ठाम आहोत. पिशवी फाटली तर मिनिटांचा खेळ असतो आणि घरी ती मिनिटं नसतात. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा. आधी सिझर झालेल्या बाईच्या कळांवर लक्ष ठेवणं तिथल्या डॉक्टरांना नवं नसतं. गर्दी असते, खोली स्वतंत्र मिळत नाही, पण ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टर रात्रीही जागे असतात.

*‘माझी मुलगी अमेरिकेत आहे, तिला रुग्णालयानं नाही म्हटलंय.’*

तिला विचारायला सांगा की हा नियम रुग्णालयाचा, त्या डॉक्टरांच्या गटाचा, की तिच्या प्रकृतीचा? कारण लेखी मागू दे. एकाच शहरात दोन रुग्णालयांचे नियम वेगळे असतात.

*‘इतका खटाटोप कशाला? सिझर करून मोकळं व्हावं.’*

अवश्य व्हावं! सगळं समजून जिला सिझर हवं आहे, तिचा निर्णय तितकाच योग्य. आमचा आग्रह नॉर्मल प्रसूतीचा नाही. सुरुवातीला जी बाई डोळ्यांसमोर आणली, तिला कदाचित शेवटी तिसरं सिझरच लागेल. पण निदान या वेळी त्याचं कारण तिला माहीत असेल. ‘मागच्या वेळी झालं होतं म्हणून’ एवढंच ते नसेल.

इथेच थांबू या.